वाचक विचारतात : नवा पंखा घ्यायचा तर आधी मोजायचा

कोल्हापुरातून समुद्र दिसत नाही, पण घाट उतरला की बंदरे आहेत आणि तिथल्या बोटींची कामे इथल्या भट्ट्यांवर आणि लेथवर येतात. शिवाय शिरोळपासून चिखलीपर्यंत २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर यांत्रिक बोटींची माहिती लोक स्वतःहून विचारू लागले आहेत. होडीच्या पंख्याविषयी, म्हणजे प्रोपेलरविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मालवणला मामांचा ट्रॉलर आहे. तीन पात्यांचा २४ × १६ चा (२४ इंच व्यास, १६ इंच पिच) जुना पंखा कडेने खाऊन गेला होता. त्याच पंख्यावरून साचा काढून इकडे नवा ओतून घेतला. दिसायला आरशासारखा आहे. पण बोट पाण्यात उतरवल्यापासून इंजिन फेरे जास्त घेते, वेग पूर्वीपेक्षा कमी आहे आणि मागच्या फळ्या थरथरतात. ज्यांनी ओतला ते म्हणतात, बॅलन्स करून दिलाय. दोष कुठे शोधायचा? – एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : दोष साच्यातच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. तांब्याचे मिश्रधातू गोठून थंड होताना साधारण दोन टक्के आकसतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जेमतेम एक टक्का आकसते. म्हणून बिडाच्या सवयीने पॅटर्नला, म्हणजे ज्यावरून साचा काढतात त्या फर्म्याला, एक टक्का वाढ दिली तरी पंखा लहान होतो, आणि जुना पंखाच फर्मा म्हणून वापरला तर दोन टक्के सरळ हातचे जातात. तुमच्या ६१० मिमी व्यासाचे ५९८ होतात आणि ४०६ मिमी पिचचे ३९८. (पिच म्हणजे पंखा स्क्रूसारखा न घसरता फिरला तर एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर.) आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्याच फेऱ्यांना पंखा जो भार घेतो तो व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. सगळी मापे दोन टक्क्यांनी घटली की भार जवळजवळ दहा टक्के उतरतो. इंजिन मोकळे पळते आणि पाणी मागे कमी ढकलले जाते. जुन्या पात्यांच्या खाल्लेल्या कडाही साच्यात उतरल्या, तो तोटा आणखी वेगळा.

थरथरीचे कारण बहुधा निराळे आहे. तिन्ही पात्यांचा पिच सारखा नसावा. पंखा बॅलन्स आहे म्हणजे तिन्ही पात्यांचे वजन सारखे आहे, एवढाच अर्थ होतो. पाण्यात तिन्ही सारखा जोर लावतील याची ती खात्री नव्हे. एक पाते कमी ओढत असेल तर शाफ्टवर दर फेऱ्याला एका बाजूने जोर येतो आणि तोच तळाच्या फळ्यांपर्यंत पोचतो.

हे मोजायला मोठे यंत्र लागत नाही. सरफेस प्लेट, हाइट गेज आणि गुण्या एवढ्यावर काम होते, आणि उद्यमनगरात ही तिन्ही शेजारच्या दुकानात मिळतील. भोकाची मोठी बाजू खाली करून पंखा प्लेटवर ठेवा, म्हणजे पात्यांची पाणी ढकलणारी बाजू वर येते. हबचे, म्हणजे मधल्या गाभ्याचे, तोंड लेथवर सपाट केलेले नसेल तर पंखा तिरका बसतो आणि पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात. अशा वेळी भोकाच्या टेपरला (निमुळत्या उताराला) बसणारा मँड्रेल, म्हणजे नेमका कातलेला दांडा, घालून तो उभा धरा. मग मध्यापासून २१३.५ मिमी त्रिज्येचे, म्हणजे पंख्याच्या त्रिज्येच्या सत्तर टक्क्यांवरचे, वर्तुळ प्लेटवर आखा. प्रत्येक पात्याखाली त्या वर्तुळावर ३० अंशांच्या अंतराने दोन खुणा करा. या त्रिज्येला त्या दोन खुणांमधले सरळ अंतर ११०.५ मिमी येते. हे अंतर खाली प्लेटवरच घ्यायचे. कंपास पात्याच्या उतारावर टेकवला की माप चुकलेच. गुण्या लावून दोन्ही खुणा पात्यावर चढवा, दोन्ही ठिकाणची उंची घ्या आणि फरक काढा. त्या फरकाला १२ ने गुणले की पिच.

१६ इंच पिचला हा फरक ३३.९ मिमी यायला हवा. समजा तीन पात्यांवर ३३.८, ३३.९ आणि ३२.६ आले. पहिल्या दोघांचा पिच ४०६ च्या आसपास आहे. तिसऱ्याचा मात्र ३९१ भरला, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून जास्त कमी. एका पात्याच्या सरासरी पिचला आयएसओ ४८४ या मानकात पहिल्या वर्गासाठी एक टक्का, दुसऱ्यासाठी दीड टक्का आणि तिसऱ्यासाठी चार टक्के सूट आहे. हे मानक ८०० मिमीपासून पुढच्या पंख्यांसाठी लिहिलेले आहे, तरी लहान पंख्याची ऑर्डर देताना त्याचाच वर्ग सांगावा. रोज समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरला दुसऱ्या वर्गाच्या खालचे काही घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑर्डरच्या चिठ्ठीवर वर्ग लिहिलेला नसेल तर नंतर वाद घालायला काही हातात राहत नाही.

एकाच त्रिज्येवर थांबू नका. १५२ आणि २७४ मिमीवरही हेच करा. टोकाकडे पिच अचानक पडलेला दिसला तर ओतल्यावर फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल साफ करण्याच्या, वेळी कुणीतरी ग्राइंडर जास्त चालवला आहे. जाता जाता प्रत्येक पात्याचे टोक प्लेटपासून किती उंच आहे तेही बघा. या मापाच्या पंख्यात टोकाटोकांत तीन-चार मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पाते वाकलेले आहे. शेजारशेजारच्या टोकांमधले अंतर ५२८ मिमीच्या जवळ हवे. एक अंश चुकला की टोकाशी पाच मिमी सरकतात.

तुमच्या पंख्याचे आता काय? एकच पाते कमी असेल तर पंखेदुरुस्तीत हात बसलेला माणूस पिच ब्लॉकवर (पात्याच्या योग्य उताराच्या ठोकळ्यावर) ठोकून ते जागेवर आणू शकतो. व्यास मात्र वाढवता येत नाही. तो ५९८ भरला तर नवाच ओतावा लागेल, आणि त्यासाठी पॅटर्न लाकडाचा, दोन टक्के वाढ धरून आणि मूळ मापावरून करावा. झिजलेल्या पंख्यावरून नको.

प्रश्न : दोन विक्रेते आहेत. एक म्हणतो मँगनीज ब्रॉन्झ, दुसरा म्हणतो निकेल ॲल्युमिनियम ब्रॉन्झ. किमतीत बराच फरक आहे. रंगावरून काही कळत नाही. कोण खरे बोलतोय ते कसे ओळखावे? – एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : मँगनीज ब्रॉन्झ हे नावाला ब्रॉन्झ, प्रत्यक्षात ते ताकदीचे पितळच. त्यात तांबे साठ टक्क्यांच्या खाली आणि जस्त ३५ ते ४० टक्के असते. मँगनीज, लोखंड आणि ॲल्युमिनियम थोडे थोडे. निकेल ॲल्युमिनियम ब्रॉन्झमध्ये तांबे ८० टक्क्यांच्या आसपास, ॲल्युमिनियम नऊ-दहा आणि निकेल चार-पाच टक्के. ओढ सोसण्याची ताकद पहिल्याची किमान ४४० मेगापास्कल धरतात, दुसऱ्याची ५९०. खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त हळूहळू निघून जाते. जागा गुलाबी पडते आणि तिथे फक्त ठिसूळ तांब्याची जाळी उरते. पंखा तसाच दिसतो, पण एखाद्या ओंडक्याला लागला की पाते बिस्किटासारखे तुटते. दुसऱ्या धातूत हा प्रकार होत नाही.

ओळखायला वजनकाटा पुरे. पंखा काट्याला टांगून वजन घ्या. मग टांगलेलाच पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवा, तळाला-भिंतीला टेकू देऊ नका, भोकातली हवा निघू द्या आणि पुन्हा वजन घ्या. ३० किलोचा पंखा मँगनीज ब्रॉन्झचा असेल तर पाण्यात सुमारे ३ किलो ६०० ग्रॅम हलका होतो. निकेल ॲल्युमिनियमचा असेल तर सुमारे ३ किलो ९५० ग्रॅम. म्हणजे घनता पहिल्याची ८.३, दुसऱ्याची ७.६. साडेतीनशे ग्रॅमचा फरक साध्या डिजिटल हँगिंग काट्यावरही स्पष्ट दिसतो, फक्त काटा १० ग्रॅमपर्यंत वाचणारा असावा. अडचण एकच : आत पोकळ्या असलेले पितळही हलके भरते. त्यामुळे आकडा दोन्हींच्या मध्ये आला तर तो पंखा घेऊच नका.

लोहचुंबकाने फार निष्कर्ष काढू नयेत. दोन्ही धातूंत लोखंड असते, किंचित ओढ लागू शकते. घट्ट चिकटला तर मात्र तो बिडाला किंवा पोलादाला मुलामा आहे.

पक्की खात्री स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक ओतशाळांचे स्पेक्ट्रो लोखंडाच्या बेसवर लावलेले असतात. त्यावर तांब्याचा नमुना ठेवून आलेल्या आकड्यांना अर्थ नाही. तांब्याचा बेस असलेली लॅब शोधा, आणि नमुना पंख्याच्याच वितळीतून ओतलेल्या टेस्ट बारचा घ्या. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (वितळीचा क्रमांक) हबवर ठोकलेल्या नंबराशी जुळला नाही, तर ते सर्टिफिकेट तुमच्या पंख्याचे नाही.

प्रश्न : आमची बिडाची आणि एसजी आयर्नची ओतशाळा आहे. रत्नागिरीकडून पंख्यांची चौकशी आली आहे. एसजीमध्ये ताकद भरपूर मिळते. त्यात ओतून दिले तर चालेल का? आणि ब्रॉन्झ ओतायचे ठरवले तर काय सांभाळावे? – एक उद्योजक, गोकुळ शिरगाव

उत्तर : एसजी आयर्न म्हणजे चिवट केलेले बीडच. ताकदीचा प्रश्न नाही, गंजण्याचा आहे. समुद्राच्या पाण्यात स्टेनलेस शाफ्टला लोखंडी पंखा जोडला की दोघांची बॅटरी होते आणि खाल्ला जातो तो पंखा. पात्याची पुढची कड आधी झिजते, पृष्ठभाग खडबडीत होतो, वेग उतरतो. धरणाच्या गोड्या पाण्यातल्या संथ लाँचला एसजी चालून जाईल. मासेमारीच्या बोटीला देऊ नका.

ब्रॉन्झ ओताल तर तीन गोष्टींत बिडाची सवय मोडावी लागते. आकसण्याचे वर आले आहे. दुसरी गोष्ट जस्ताची. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणून वितळ जरा जास्त तापली की पांढरा धूर सुटतो आणि मिश्रण बदलते. किती जस्त उडाले याचा अंदाज घेऊन शेवटी भर घालावी लागते, अंदाज चुकला की ताकद गेली. हा धूर हुंगल्याने संध्याकाळी कामगारांना थंडी वाजून ताप भरतो, तेव्हा भट्टीवर धूर ओढणारा पंखा आधी बसवा. तिसरी गोष्ट ॲल्युमिनियमची. त्याची साय धातूवर सतत धरते. वरून धार सोडली तर ती साय धातूत गुंडाळली जाते आणि पात्यात चिरेसारखी पडून राहते, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून धातू खालून, शांतपणे भरेल अशी रनरची (धातू आत नेणाऱ्या वाटेची) रचना करा, मध्ये सिरॅमिक फिल्टर द्या आणि रायझर (गोठताना जादा धातू पुरवणारा साठा) हबवर जाड ठेवा. हब सर्वांत शेवटी गोठतो. त्याला पुरवठा तुटला की पोकळी नेमकी पात्याच्या मुळाशी पडते, आणि पंख्यावर सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो.

प्रश्न : नव्या पंख्यावर मुळाजवळ टाचणीच्या टोकाएवढी चार-पाच छिद्रे दिसली. विक्रेता म्हणतो, वेल्डिंगचा एक टिपका मारून बफ करून देतो. घ्यावा का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : छिद्रे कुठे आहेत त्यावर ठरते. पाणी ढकलणाऱ्या बाजूला, मुळापासून पंख्याच्या त्रिज्येच्या चाळीस टक्क्यांपर्यंतचा मधला पट्टा हा सर्वांत नाजूक भाग. मोठ्या जहाजांचे पंखे तपासणाऱ्या संस्था या पट्ट्यात वेल्डिंगला सहसा परवानगी देत नाहीत. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूला ताण साठतो आणि पितळी पंख्यात पुढे तिथूनच चीर जाते. हीच छिद्रे टोकाकडच्या तीस टक्क्यांत असती तर नीट भरून, घासून घेणे योग्य ठरले असते.

आधी डाय पेनिट्रंट करून घ्या. जागा सॉल्व्हंटने स्वच्छ करायची, लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, कापडाने पुसायचे आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. सुटे लाल ठिपके उमटले तर वरवरचे आहे, हलके घासून जाते का बघता येईल. ठिपके एका रेषेत आले किंवा रेघच उमटली तर पंखा परत करा. ही तपासणी बफ मारण्याआधी व्हावी, कारण बफने मऊ धातू छिद्रांवर ओढला जातो आणि तोंडे बंद होतात. आरशासारखा पंखा बघून समाधान मानू नका. मुळाचा भाग ओतीव अवस्थेत दाखवा म्हणून सांगा.

पंखा दोरीला टांगून लाकडी मोगरीने प्रत्येक पात्यावर टोला मारा. घंटेसारखा लांबणारा नाद चांगला. एखाद्या पात्याचा आवाज बोदा आला तर त्या पात्यात चीर शोधा.

प्रश्न : पंखा शाफ्टवर चढवताना चावी घट्ट बसली म्हणजे फिटिंग चांगले, हे खरे का? – एक टर्नर, शिरोली

उत्तर : नाही, आणि या समजुतीपायी शाफ्ट मोडतात. जोर टेपरने पेलायचा असतो, चावी (शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणारी पट्टी) फक्त आधाराला. आधी टेपर कोणता ते ठरवा : १:१६, १:१२ की १:१०. हब १०० मिमी लांब असेल तर दोन्ही तोंडांच्या व्यासांत १:१६ ला ६.२५ मिमी, १:१२ ला ८.३ मिमी आणि १:१० ला १० मिमी फरक निघतो. एवढे मोजले तरी चुकीचा पंखा बंदरापर्यंत जाणार नाही.

मग चावी न लावता शाफ्टवर निळ्या शाईचा पातळ हात द्या, पंखा चढवून उतरवा. निदान सत्तर टक्के भागावर शाई उमटायला हवी, आणि मोठ्या तोंडाकडे ती नक्की हवी. फक्त लहान तोंडाकडे उमटली तर पंखा डुलणार. पंखा जिथपर्यंत चढला तिथे शाफ्टवर रेघ मारा. आता चावी घालून पुन्हा चढवा. त्याच रेघेपर्यंत गेला पाहिजे. दोन मिमी अलीकडे थांबला तर चावी वरून टेकते आहे. चावीची उंची कमी करा, नटाने ओढून बसवू नका. ओढून बसवलेला हब चावीवर तरंगत राहतो, टेपर सैल घासत राहतो आणि शेवटी खाचेच्या कोपऱ्यातून हब फाटतो. खाचेचे कोपरे गोल ठेवा, धारदार कोपऱ्यातूनच चीर निघते. दोन नट असतील तर पातळ नट आत, जाड नट बाहेर, मग स्प्लिट पिन.

बोअरिंग करताना हबच्या बाहेरच्या ओतीव अंगावरून सेंटर घेऊ नका. तिन्ही पात्यांवर एकाच त्रिज्येला डायल लावून सेंटर धरा. भोक एका अंगाला गेले की बॅलन्स कितीही केला तरी पंखा डोलतोच.

प्रश्न : बॅलन्स घरच्या घरी तपासता येतो का? किती फरक चालतो? – एक वाचक, कागल

उत्तर : येतो. टेपरला घट्ट बसणारा मँड्रेल घालून दोन समपातळीतल्या धारदार पट्ट्यांवर पंखा ठेवा. जड पाते खाली येते. वरच्या पात्याच्या टोकाला मळलेली माती चिकटवत जा, पंखा कुठेही थांबू लागला की ती माती काढून वजन करा. ३० किलोच्या पंख्याला ३० ग्रॅम ही कमाल मर्यादा. ७०० फेऱ्यांना टोकावरचे तेवढे ३० ग्रॅम शाफ्टला पाच किलोच्या जोराने ओढतात, म्हणून आठ-दहा ग्रॅमपर्यंत आणलेला पंखा मागावा. वजन काढायचे ते जड पात्याच्या पाठीवरून, मधल्या भागात पसरून. कडेवरून घासलेला किंवा हबला भोके पाडलेला पंखा नाकारा.

प्रश्न : आमच्या मंडळाकडे पुरासाठी रबरी बोट आणि ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. नवा ॲल्युमिनियम पंखा घ्यायचा आहे. काय बघावे? – एक मंडळ, शिरोळ तालुका

उत्तर : तुमच्या बोटीत माणसे बसणार आहेत, तेव्हा हे काम पावसाळ्याआधीच करा. आतल्या स्प्लाइनचे (शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे) दात मोजून जुन्याशी जुळवा, मागे-पुढे बसणाऱ्या थ्रस्ट वॉशरसकट लावून बघा आणि हाताने फिरवून पात्याचे टोक वरच्या प्लेटला कुठे घासत नाही ना ते तपासा. तिन्ही पात्यांच्या कडा बोटाने चाचपा. पुढची कड पातळ पण गोलसर हवी. खडबड, चपटी किंवा एकीकडे जाड-एकीकडे पातळ असेल तर घेऊ नका.

या पंख्याच्या आत रबरी बुश असतो. पंखा अडकला की तो घसरतो आणि गिअर वाचतात. पण हलक्या प्रतीचा बुश भरल्या बोटीतच घसरू लागतो : इंजिन ओरडते, बोट हलत नाही. तपासायला आतल्या नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढा. कृष्णेत पूर्ण भाराने दहा मिनिटे चालवा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर पंखा त्याच दिवशी परत करा.

त्याच चाचणीत टॅकोमीटर लावा. नेहमी जेवढी माणसे बसतात तेवढे वजन ठेवून फुल थ्रॉटलला इंजिनाच्या पुस्तकात दिलेले फेरे गाठले पाहिजेत. कमी पडले तर पिच एक-दोन इंचांनी कमीचा घ्या. एका इंचाला साधारण दीडशे-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. एकट्या चालकाला घेऊन केलेल्या चाचणीवर विसंबू नका. पुराच्या वेळी बोट कधी रिकामी नसते.

स्टेनलेसचा पंखा टिकाऊ खरा, पण तुमच्या कामाला ॲल्युमिनियमच बरा. पाण्याखाली कुंपणाची तार, विहिरीचा कठडा, उसाच्या सरीतले पाइप असतात. ॲल्युमिनियमचे पाते वाकते आणि गिअर वाचतो, स्टेनलेस तो धक्का आत पाठवते. पाण्यातल्या माणसाला वर घेताना इंजिन बंदच हवे, पण पंख्याभोवती जाळीचे कडे बसवलेत तर आणखी सुरक्षित. वेग थोडा घटेल, घटू द्या.

प्रत्येक फेरीनंतर पंखा काढून मागे अडकलेले धागे, नायलॉनची दोरी, साडीचे तुकडे उपटून काढा. ते तसेच राहिले की ऑइल सील कापतात आणि गिअरमध्ये पाणी शिरते. गिअर ऑइल दुधासारखे दिसले तर सील गेलेच समजा. स्प्लाइनला वॉटरप्रूफ ग्रीस लावूनच पंखा बसवा, नाहीतर पुढच्या वेळी तो निघत नाही. बोटीच्या पेटीत एक जादा पंखा, एक थ्रस्ट वॉशर, नट, चार स्प्लिट पिना आणि नटाचा पाना कायम ठेवा, पाना दोरीने पेटीला बांधलेला.